मोठेबाबांची बोट

मोठेबाबा गेल्याचं कळायलाच अर्धा तास उशीर झाला. दुपारचं जेवण करून ते नेहमीसारखे आर्णीच्या दुकानात गाद्यांच्या थप्पीवर आडवे झाले होते. खुर्च्या न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक, त्यांची झोप मोडू नये म्हणून, बाहेर मोटारसायकलवर बसून राहिलं. मोठेबाबांना झोपेतून उठवायची हिंमत आर्णीत कुणाचीच नव्हती. शेवटी त्या माणसानं त्यांच्या मुलाला, गजूदादाला, फोन लावला. गजूदादानं मला नागपूरला कळवलं तेव्हा मी ऑफिसात होते. रडता रडता तो म्हणाला, "अन् त्या माणसानं मंग खुर्च्या नेल्याच नाही वो. म्हणे, आज कशा नेऊ…" मी त्याला दोनदा 'ओके, ओके' म्हटलं. दुःखाच्या वेळी माझ्या तोंडून इंग्रजी निघतं, त्याला इलाज नाही.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. त्यांचं बिछायत केंद्र होतं. मांडव, गाद्या, लोखंडी खुर्च्या, भोंगे, दोन माणसांनी उचलावी लागतील अशी पातेली, सगळं भाड्यानं मिळायचं. मी यवतमाळला इंग्रजी शाळेत शिकले आणि सुट्ट्यांत आर्णीला यायचे. दुकानाच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन गप्प बसलेल्या मला ते 'मिस' म्हणायचे. "मिस, बोल ना वो काही. तोंडाचं भाडं नाही लावत मी." मग मी आणखीच गप्प व्हायचे आणि ते खूश व्हायचे.

दुकानातली एकच वस्तू भाड्यानं मिळत नसे, ती फुकट होती. मोठेबाबांनी तरुणपणी नागपूरहून एक जुना प्रोजेक्टर आणला होता. त्याच्या पेटीत एक रीळ निघालं. पायांना फळ्या बांधून, बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरत जाणाऱ्या गोऱ्या लोकांच्या कसरती. जेमतेम दहा-बारा मिनिटांचं. दुसरं रीळ त्यांनी कधी घेतलंच नाही. प्रोजेक्टरचा आवाज पहिल्या दिवसापासून बंद होता, तोही दुरुस्त केला नाही. ज्या घरी त्यांचा मांडव पडेल, तिथे हळदीच्या संध्याकाळी पांढरी चादर ताणून ते हा पिक्चर दाखवत आणि हातात मांडवाचा बांबू घेऊन स्वतः सांगत. हळूहळू लोकांना त्याची इतकी सवय झाली, की आर्णीच्या आसपासच्या खेड्यांत, तांड्यांवरसुद्धा, 'पाण्यावरचा पिक्चर' झाल्याशिवाय हळद उतरली असं कुणाला वाटेना. लांबून आलेले वऱ्हाडी बुचकळ्यात पडत. नवरदेव हळदीनं पिवळा होऊन चौरंगावर बसलाय, आणि समोर परदेशी बाई एका पायावर तळं कापत चाललीय…

"पाहा. दोरी सोडली का बाईनं? नाही सोडली," मोठेबाबा बांबूनं दाखवत. मग एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहिलेले सहा पुरुष येत. "हे सहा भाऊ. वाटण्या व्हायच्या हायेत अजून, म्हणून असे उभे हायेत." मग एक गृहस्थ गोल फळीवर चक्क खुर्ची मांडून पेपर वाचत पाण्यावरून जाई. इथे मोठेबाबांचा आवाज चढे. "खुर्ची ओळखून घ्या! आपल्या दुकानातली होय. नेली, अन् वापस नाही केली. तुमच्या घरून असं नाही झालं पाहिजे." लोक हसत, पण दुसऱ्या दिवशी खुर्च्या बरोबर परत येत. शेवटी ती बाई धाडकन पाण्यात पडे. फक्त फेस. आणि मग बोट वळे. मोठा गोल घेऊन, पाणी उडवत, सरळ आपल्याकडे. "नवरा वापस येते," मोठेबाबा हळू आवाजात म्हणत. "येतेच. नवरदेवा, पाहून ठेव."

यावर फक्त एका माणसाचा आक्षेप होता, मोठ्या आईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. ती बायकांत मागे बसून, साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "काही नाही बाप्पा. पहिले वळत नव्हती ते बोट. सरळ निघून जाय."

"वळतच होती. तुयं ध्यान नव्हतं."

"माहं ध्यान? कोणाच्या खुर्च्या कोणाकडे हायेत, हे कोणाच्या ध्यानात राह्यते या घरात?"

लग्नानंतर काही वर्षांनी मोठी आई रागावून फुलसावंगीला, माहेरी गेली होती आणि एक अख्खा हंगाम तिथंच राहिली होती. भांडण कशावरून झालं ते आता कुणालाच आठवत नाही, किंवा सांगायचं नाही. मोठेबाबा आणायला गेले ते मांडवाचं सामान वाहायच्या मेटॅडोरमध्ये बसून, हे मात्र सगळे सांगतात. ती परतली, पुढच्या हळदीला गेली, आणि पाहते तर बोट वळते आहे. तेव्हापासून चाळीसेक वर्षं हा वाद चालू होता. दुसऱ्या कुणी तो पिक्चर त्याआधी तितक्या लक्ष देऊन पाहिलेला नव्हता. साक्षीदार ती एकटीच.

तेरवीला लोक जेवायला येतील तेव्हा बाबांचा पिक्चर लावायचा, असं गजूदादानं ठरवलं. त्यानं रीळ नागपूरला देऊन पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं, आणि त्यात इंग्रजीत बोलणाऱ्या एका साहेबाचा आवाज निघाला! इतकी वर्षं तो रिळातच होता. गजूदादानं मला फाइल पाठवली. "साहेब काय म्हणून राह्यला ते समजून घे अन् तेरवीले सांगजो. आई विचारून राह्यली." लोकांसमोर मी वर्गात हजेरीसुद्धा धड दिलेली नाही. पण 'आई विचारून राह्यली' याच्यापुढे बोलता येत नाही.

इअरफोन लावून मी ऐकलं. साहेब नाकात आणि भयंकर घाईत बोलत होता, आणि बोलत होता ते सगळं बोटीच्या इंजिनाबद्दल. नवरा नाही, भाऊ नाहीत. खुर्चीबद्दल तर चकार शब्द नाही. बाई पडते तिथे मात्र त्याचं वाक्य अर्ध्यात तुटतं, वाजणारं संगीत उडी मारतं आणि बोट वळू लागते. मी ते पुन्हा पाहिलं. वळणाऱ्या बोटीच्या मागे, चित्राच्या अगदी कडेला, एक खुर्ची दिसते. बोट त्या पेपरवाल्याला घ्यायला वळली होती! त्याच्या कसरतीतून तेवढाच तुकडा गायब होता, आणि तिथेही जोड होता. रीळ तुटलं असतं तर एकदाच जोडलं असतं. हे कुणीतरी कापून, उचलून, बाईच्या पडण्यापुढे आणून लावलं होतं.

तेरवीला टीव्ही अंगणातल्या मांडवात ठेवला. मोठी आई सगळ्यात पुढे, लोखंडी खुर्चीवर. बाई पडली, बोट वळली, सवयीनं कुणीतरी टाळीही वाजवली. मोठी आई माझ्याकडे वळली.

"मिस, एवढंच सांग. पहिले वळत होती का नव्हती?"

सगळा मांडव माझ्याकडे पाहत होता. गजूदादा डोळ्यांनी 'हो म्हण' सांगत होता. तेरवीच्या दिवशी, भिंतीवर हार घातलेल्या माणसाला, त्याच्याच मांडवात खोटं ठरवायचं… पण मोठी आई इतकी वर्षं एकटी खरं बोलत आली होती.

"नव्हती," मी म्हटलं. "सरळ निघून जात होती. मोठेबाबांनी ती दुसरीकडून कापून आणली अन् इथं लावली. तू माहेरी होतीस तेव्हा."

मागे कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग मोठी आई उभी राहिली आणि भिंतीवरच्या फोटोकडे पाहून, हात नाचवत म्हणाली, "म्हटलं होतं ना मी! म्हटलं होतं का नाही? जिंदगीभर खोटं बोलला हा माणूस!" तिचा चेहरा एखादी केस जिंकल्यासारखा फुलला होता. जेवायला बसलेल्या प्रत्येक पंगतीत जाऊन तिनं हे सांगितलं. "पहिले वळत नव्हती. त्याईनं वळवली. कात्रीनं." वाढणाऱ्यांना वाढू देईना. तिसऱ्या पंगतीपर्यंत ती सांगता सांगता रडायला लागली, पण सांगायचं काही थांबवलं नाही.

गेल्या आठवड्यात मी आर्णीला गेले होते. दुपारी मोठी आई आता दुकानात येऊन बसते, गाद्यांच्या त्याच थप्पीवर. गजूदादाचा मोबाइल घेते आणि पिक्चर लावते. सहा भावांना, खुर्चीवाल्याला ती बोटानं सरकवून देते. बाई पडते तिथून पुढे पाहते, बोट पूर्ण वळेपर्यंत. मग पुन्हा मागे नेते. खुर्च्या न्यायला आलेलं गिऱ्हाईक तोवर बाहेर मोटारसायकलवर थांबून राहतं. आत जाऊन विचारायची कुणाची हिंमत नाही.