किनाऱ्याची बातमी आणि सुमनअक्का

सुमनअक्का गेली हे तिच्या मुलानं, आनंदनं, सकाळी फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या त्या मोठ्या दैनिकाच्या आतल्या पानावर, अगदी कोपऱ्यात, चार ओळी आल्या : ‘धारवाड येथील धर्मपरायण गृहिणी...’ धर्मपरायण! संकष्टी कधी, हेही तिला दर वेळी मला विचारावं लागे. ज्या पेपराला तिनं कितीतरी वर्षं कारवार किनाऱ्याच्या बातम्या पाठवल्या, त्याच्या लेखी तिची एवढीच ओळख उरली. मी त्यांच्या हुबळीच्या कचेरीत फोन करून तिच्या जुन्या बातम्यांची चौकशी केली. पलीकडचा तरुण अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, एवढं जुनं आमच्याकडे काही नाही.” त्या नम्रपणाचाच जास्त राग आला. काही आठवडे होऊन गेले, तो राग उतरलेला नाही.

अक्का मूळची कारवारची. लग्न होऊन धारवाडला आली, वकिलाची बायको म्हणून. आमची घरं शेजारी. मी शाळेत शिकवायची. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली आणि कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हा ती शाळेत होती. त्यांच्या घरी मुंबईचा पेपर यायचा, पण शिळा होऊन. वादळाचा इशारा वादळ होऊन गेल्यावर वाचायला मिळायचा. लोक अशा गोष्टी हसून सांगतात, अक्का कधी हसली नाही. पुढं ती हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका मराठी साप्ताहिकात काम करू लागली आणि मुंबईच्या त्या दैनिकाचीही वार्ताहर झाली. तेव्हा तिला कळलं, की किनारा कुणाचाच नाही. मुंबईवाले म्हणत, “कारवार? ते आता म्हैसुरात ना?” हुबळीच्या एका कानडी दैनिकात गेली, तर तिथले उपसंपादक म्हणाले, “निम्म मंदी मराठी ओदतारल्ल्री!” तुमची माणसं मराठी वाचतात की! अक्कानं कानडीतच त्यांना विचारलं, “आणि बुडून मरतात ती कुठल्या भाषेत मरतात, तेवढं सांगा.” बातमी मात्र लागली नाही.

मग ते खारव्यांच्या वस्तीचं प्रकरण झालं. बंदराच्या कामासाठी किनाऱ्यावरची एक अख्खी वस्ती उठवून आत जंगलात न्यायची, असं ठरलं. मासेमारी करणारी माणसं, आणि त्यांना जागा कुठं, तर जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही तिथं! अक्का त्या वस्तीत जाऊन राहिली. गंगाबाई नावाच्या म्हातारीकडे जेवायची, घरोघर बसून बोलायची. परत येऊन तिनं सविस्तर बातमी मुंबईला पाठवली. ती छापली गेलीच नाही. उलट पेपरानं आपला खास प्रतिनिधी धाडला. तो डाक बंगल्यात उतरला, बंदराच्या साहेबांबरोबर जेवला आणि पहिल्या पानावर मथळा आला : ‘मच्छीमारांकडून स्थलांतराचे स्वागत.’

तो अंक अक्कानं माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचला. घडी केली आणि म्हणाली, “चल.” पोस्टात जाऊन तिनं मुंबईला ट्रंक कॉल लावला. मी शेजारी उभी होते. कसलेसे कडकड आवाज, मग तो प्रतिनिधी बोलायला आला.

“वस्तीवर कुणाशी बोललात तुम्ही?” अक्कानं विचारलं.

त्यानं काहीतरी सांगितलं.

“माणसं समुद्रावर गेली होती? मग स्वागत कुणी केलं हो, माडांनी?”

पलीकडून काय आलं ते तिनं नंतर सांगितलं : “बाई, तुम्ही फार भावनेच्या भरात लिहिता.”

साप्ताहिकाच्या मालकांना ती म्हणाली, निदान आपण तरी छापू या. मालक माणूस वाईट नव्हता. “अक्का, सरकारी जाहिराती बंद होतील, मी प्रेस कसा चालवू?” “चालवा की,” अक्का म्हणाली, “पण मग वर वर्तमानपत्र म्हणून लिहू नका. कॅलेंडर लिहा.” त्याच दिवशी तिनं ती नोकरी सोडली.

सुभाष रोडच्या एका छोट्या छापखान्यात तिनं स्वतः एक पत्रक छापून घेतलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, आणि मजकूर म्हणजे वस्तीतल्या माणसांचे शब्द, त्यांच्या नावांसकट. मुद्रितं मी तपासली. गठ्ठा घेऊन आम्ही दोघी यल्लापूरवरून कारवारला गेलो. पण अक्का लगेच वाटायला तयार नव्हती. आधी तिनं वाळूत बसून सगळं कोंकणीतून वाचून दाखवलं. गंगाबाईचा मजकूर आला, ‘डोळ्यांत पाणी आणून त्या म्हणाल्या...’ तशी म्हातारी उसळली. “हांव रडूंक ना! म्हाका राग आयलो!” मी रडले नाही, मला राग आला. अक्कानं लगेच पेन काढलं आणि एकेका पत्रकावरची ती ओळ खोडायला लागली. मीही बसले खोडत. उन्हं डोक्यावर आली, पाठी भरून आल्या, पण एक पत्रक तिनं तसंच जाऊ दिलं नाही. कुणा खास प्रतिनिधीनं आपला एखादा शब्द असा कधी खोडलाय?

ते पत्रक त्याच कानडी दैनिकानं जसंच्या तसं छापलं. विधानसभेत प्रश्न विचारला गेला. साहेब लोकांना वस्तीवर येऊन, वाळूत उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. बंदर व्हायचं ते झालंच, वस्तीही हलली. पण बहुतेक घरांना समुद्राकाठीच जागा मिळाली. घाबरून आधीच जंगलात गेलेली काही कुटुंबं मात्र तिकडंच राहिली, त्यांचं कुणी काही केलं नाही. आणि मुंबईच्या दैनिकानं? ‘आमच्या वृत्ताची शासनाकडून दखल’ असा मथळा दिला! अक्काच्या बातम्या घेणं त्यानंतर बंद झालं. का, ते कुणी कळवलंसुद्धा नाही.

शेवटच्या काही वर्षांत छापायला जागा उरली नव्हती, तरी अक्का रोज सकाळी धारवाडच्या स्टँडवर जायची. कारवारहून येणारी बस लागली की कंडक्टरला गाठायची आणि किनाऱ्याची खबर विचारायची. हे मला माहीत होतं. म्हातारपणाचा चाळा समजून मी कधी बरोबर गेले नव्हते. तेराव्यानंतर एका सकाळी मी गेले. बस लागली. कंडक्टर उतरला, इकडंतिकडं बघू लागला. मला कधीतरी तिच्याबरोबर बाजारात पाहिलं असावं, मी शाळेत शिकवायची हेही तिनंच सांगितलं असावं.

“अक्का बरलिल्लेन्री?” आल्या नाहीत का?

मी सांगितलं. तो बसच्या पायरीवर बसला. मग सांगू लागला : अमुक गावाला समुद्र आत आलाय, माडांची रांग गेली, टोकाची घरं गेली, माणसं शाळेत राहिलीत, शाळेत पाणी नाही. घरं कुणाकुणाची, तीही नावं त्यानं एकेक करून सांगितली. मी नुसती ऐकत होते.

“बरकोरी, टीचर,” तो म्हणाला. लिहून घ्या.

मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी धारवाडात मिळतात ते सगळे पेपर आणले, मराठीही, कानडीही, आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचून काढले. त्या गावाचं नाव कुठंच नव्हतं.