भारतीची करवतकाठी साडी

आमच्या मोहल्ल्यात हातमाग आता शोधूनही सापडत नाही. कोष्ट्यांची पोरं सदर बाजारातल्या दुकानांत लागली, कोणी ऑटो चालवतो. एक गुलाबचंदभाऊ तेवढे खड्डामागावर बसून टसर रेशमाच्या करवतकाठी साड्या विणत राहिले. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माणूस. मी त्यांची शेजारीण. भांडलेही असेन त्यांच्याशी, पण हक्कानं.

गेल्या वर्षी मागावरच त्यांचा श्वास कोंडला. पायात झालेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, असं रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचला, पण रक्त पातळ करायची गोळी मागे लागली. ती चुकवायची नाही, रक्त तपासत राहायचं, पालेभाजी बेतानं खायची. दाढी करताना जरा कापलं तरी रक्त थांबेना. कुठं धक्का लागला की अंग काळंनिळं. मैनाबाई नवऱ्याला लोणच्याच्या बरणीसारखं जपायच्या.

"मले आता फळीवरच ठेवून दे वं," ते म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. पण एकदा मला म्हणाले, "वहिनी, श्वास घेतानाही भेव लागते. पुरा येईन का नाई, असं." तेव्हा मला हसू आलं नाही.

मग लेकीचं, भारतीचं लग्न ठरलं. मांडवात पोरीनं बापाच्या हातची साडी नेसायची, ही त्यांच्या घरची रीत. डॉक्टरांनी थोडं थोडं विणायला, मधूनमधून उठून फिरायला सांगितलं. भाऊ शहाण्यासारखे उठायचेही. एका सकाळी मात्र नाकातून रक्त आलं आणि थेंब कोऱ्या टसरवर पडला. नवरीच्या साडीवर रक्त म्हणजे अपशकुन. त्यांनी तेवढं विणकाम उसवलं, पुन्हा विणलं, आणि कोणाला काही न सांगता गोळीच बंद केली. डॉक्टरांना नुसतं विचारलं असतं तर काही मार्ग निघाला असता.

"गोळी घेतली काय?" मैनाबाई रोज विचारायच्या.

"घेतली ना वं. काहून मागं लागून राहिली?"

साडी पुरी झाली. मागावरून उतरवली त्याच संध्याकाळी ते कोसळले. दवाखान्यात, तोंडावरचा ऑक्सिजन बाजूला करून त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "साडी झाली की घेणारच होतो. पोरीच्या साडीले डाग नोको होता." दुसऱ्या दिवशी ते गेले. मला त्या माणसाचा इतका राग आला की रडूही फुटेना.

तेरवी झाल्यावर मैनाबाईंनी साडी भारतीच्या मांडीवर ठेवली. भारतीनं घडी मोडली नाही. बराच वेळ ती काठावरून नुसतं बोट फिरवत होती.

"मी डागाची नेसली असती, आई," ती म्हणाली. "त्यायनं मले इचारलं काहून नाई?"