रक्त दाखवणारे नाना

बाकीच्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी कागद मिळायचा. नाना कागद देण्याआधी रक्त दाखवायचे. जळगावात एका औषधाच्या दुकानामागे त्यांची एका खोलीची लॅब होती. यंत्रात नळी गरगर फिरवली की तांबडं खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी राहतं. ती नळी नाना खिडकीच्या उजेडात धरायचे आणि ज्याचं रक्त त्यालाच आत बोलवायचे. "या, बघा. तुमचंच आहे, लाजू नका." वरचं पाणी नितळ असलं तर माणूस हसत बाहेर पडायचा. काहींचं मात्र पातळ ताकासारखं पांढुरकं असायचं. त्यांना नाना म्हणायचे, "शेवभाजीवरची तर्री तुम्ही वाटीत बघता. मी ती इथं बघतो."

मलाही त्यांनी एकदा अशी ताकासारखी नळी दाखवली. ती माझ्या नवऱ्याची होती.

आम्ही मूळचे मालवणकडचे. सातवीत माझी शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि हे पाइपच्या कारखान्यात कामाला म्हणून मी जळगावला आले. ओळखीचं माणूस नाही, भाषा निराळी, ऊन तर विचारू नका. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या अक्कांनी माझ्या पातेल्यात डोकावून बघितलं. "काय वं, भाजीमा तेल शे का नही? बठ्ठं पानीच दिसी ऱ्हायनं!" भाजीत सगळं पाणीच म्हणून ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. मग मी शिकले. भरताला वाटीभर तेल, खिचडीवर वरून कच्चं तेल, शेवभाजीवर बोटभर तर्री. पाहुण्याच्या वाटीत तर्री कमी दिसली तर तो त्याचा अपमान. यांना ते जेवण फार आवडायचं. पुसून काढलेलं ताट बघून मला वाटायचं, चला, झाले मी इथली.

चौऱ्याऐंशी साली एका सकाळी हे कारखान्याच्या फाटकातच छाती धरून खाली बसले. वय अडतीस. वाचले. बारा दिवसांनी घरी आले, पण त्यांच्याबरोबर भीतीही घरात राहायला आली. यांना नुसता ठसका लागला तरी मी हातातलं टाकून धावायचे. जेवताना यांच्या कपाळावर घाम दिसला की माझा घास हातातच राहायचा. दोन लहान मुलं, माहेर चारशे मैलांवर. आणि मनात सारखं एकच यायचं, की वाढणारा हात माझा होता.

नानांनी ती पहिली नळी दाखवली ती याच दिवसांत. डॉक्टरांनी पुष्कळ सांगितलं होतं. बिडी सोडा, तळलेलं सोडा, वनस्पती तूप घरात आणू नका, तेल करडईचं वापरा. माझ्या डोक्यात शेवटचंच राहिलं. दुकानदारानं डबा पुढे केला. "वहिनी, हे हृदयाचं तेल. वाचा की, कोलेस्टेरॉल नाही." मी वाचलं. मला केवढा आधार वाटला! पाच लिटरचा डबा घरी आणला आणि औषध म्हणून हात सैल सोडला. खिचडीवर पळीभर, भाकरी मोडून त्यावर पळीभर, आणि सकाळी अनशापोटी यांना एक मोठा चमचा प्यायला. हे तोंड वाकडं करायचे. मी म्हणायचे, "प्या मुकाट्यानं. शिरा धुऊन निघतात."

तीन महिन्यांनी नानांनी नळी उजेडात धरली. ती आधीपेक्षा पांढरी होती.

"तेल बदललं ना?" त्यांनी विचारलं.

"बदललं नाना. करडईचंच आणते. अजिबात कसर ठेवत नाही." आणि मी सगळं सांगितलं, सकाळच्या चमच्यासकट.

नाना कुणालाही टोमणा मारल्याशिवाय सोडत नसत. त्या दिवशी हसले नाहीत. नळी स्टँडमध्ये ठेवली, हात धुतले, स्टुलावर बसले. "मालवणबाई, ते औषध नाही हो. तेल आहे. शेंगदाण्याऐवजी करडई घाला म्हणाले, शेंगदाण्याइतकी घाला असंही नाही, आणि तुम्ही दुप्पट घातलीत."

"पण डब्यावर लिहिलंय..."

"कोलेस्टेरॉल नाही, असं ना? ते शेंगदाण्याच्या तेलातही नव्हतं. सरकीच्याही नाही. झाडाच्या तेलात ते नसतंच. ते आपलं शरीर बनवतं, आपण काय आणि किती खातो त्यावर. आधी किती ते बघा, मग कुठलं ते बघू."

मला तिथेच रडू फुटलं. माणूस वाचवायला निघाले होते आणि चमच्यानं उलटंच पाजत होते. "मी मारलं असतं त्यांना," एवढंच तोंडातून निघालं. नाना म्हणाले, "अजून कुणी मेलेलं नाही. डोळे पुसा, बाहेर पेशंट बसलेत. त्यांना वाटेल मी सुई जोरात टोचतो."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः घरी आले. हातात सलाइनची काचेची रिकामी बाटली, उकळून स्वच्छ केलेली. तिच्यावर मापाच्या रेघा असतातच. वरच्या एका रेघेवर त्यांनी लाल पट्टी चिकटवली होती. "चार माणसं. रविवारी इथवर भरायची, पुढच्या रविवारपर्यंत पुरवायची. शुक्रवारी संपली तर शनिवारी उकडून खा." यांच्याकडे वळून म्हणाले, "आणि भाऊ, खिशातली बिडी दिसते मला. तेलाला शिव्या देऊन ती लपत नाही." यांनी बंडल काढून निमूट त्यांच्या हातावर ठेवलं.

मी भीत भीत विचारलं, "नाना, आमच्याकडे सगळं खोबऱ्याच्या तेलात असतं. माझी आई, भाऊ..." नाना म्हणाले, "थंडीत गोठतं ते जपून खावं, एवढं मी वाचलंय. पुढचं मला माहीत नाही. नाही माहीत ते सांगणार नाही." मला त्यांचा आधार वाटायचा तो यासाठीच.

लोकांना वाटायचं नानांना सिद्धी आहे. नळी बघून ते एखाद्या शेठजींना विचारायचे, "काल रात्री वरणबट्टी कुणाकडे होती?" शेठजी हादरायचे. "उपाशीपोटी या म्हटलं होतं ना? रात्री आठनंतर उपास सुरू होतो, सकाळी आठला नाही! उद्या या." मात्र नळी नितळ दिसली म्हणून ते कुणाला नाचू द्यायचे नाहीत. "दुधाळ दिसतं ती एक चरबी. कोलेस्टेरॉल डोळ्यांना दिसत नाही, त्याला औषध घालून रंग आणावा लागतो. संध्याकाळी कागद न्या, मग हसा."

वर्ष त्या बाटलीवर काढलं. अक्का म्हणायच्या, "डॉक्टरीनबाई, आज किती थेंब?" म्हणोत. यांचं वजन उतरलं, जिना चढताना दम लागेना. एका सकाळी नानांनी नळी दाखवली. वरचं पाणी लिंबाच्या सरबतासारखं स्वच्छ होतं. मी हात जोडले. तेवढ्यात तिच्या शेजारच्या नळीकडे माझं लक्ष गेलं. ती यांच्या पहिल्या नळीपेक्षाही पांढरी होती. नुसतं दूध.

"अगं बाई, ही कुणाची?"

"असेल कुणाची तरी," नाना म्हणाले. पण त्यांची बाही वर होती आणि कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

मी त्या बोळ्याकडे बघितलं. नाना स्टुलावर बसले. बाही खाली ओढली. "वडील पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. थोरले भाऊ सेहेचाळिसाव्या. आमच्या घराण्यात पुढचं वर्ष कुणी बघितलेलं नाही. वीस वर्षं गावाचं रक्त काढतोय, स्वतःचं काढायला हात धजला नाही. आज तुमच्या नवऱ्याची नळी बघितली आणि वाटलं, बघावं. मीही पंचेचाळीसचाच आहे." मग एकदम म्हणाले, "आमच्या हिला, माईला सांगायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला.

या माणसानं मला नवरा परत दिला होता. त्यांचा शब्द मोडणं म्हणजे पापच. पण मुकाट बसले असते तर उद्या माईंसमोर कुठल्या तोंडानं उभी राहिले असते? भीती काय असते ते मला ठाऊक होतं, आणि न कळता ताटात वाढत राहणं काय असतं तेही. चौकापर्यंत गेले आणि तशीच वळून त्यांच्या घरी. माई भरीत घोटत होत्या. माझं ऐकून त्यांनी ठोंबा खाली ठेवला. "रोज वरून तेल मागतात. मी म्हणते, लोकांना सांगता आणि? तर म्हणतात, मी तपासलंय, मला काही नाही." आठवड्यात माई त्यांना धुळ्याला आपल्या भावाकडे घेऊन गेल्या आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांसमोर बसवलं.

नाना माझ्याशी बोलायचे बंद झाले. पुढच्या तपासणीला यांचं रक्त त्यांनी काढलं, पण मला आत बोलावलं नाही. दुकानातल्या माणसाच्या हातून कागद पाठवला. मी बाहेरच्या बाकावर तो कागद घेऊन बराच वेळ बसले होते.

शहाऐंशीत यांना गुजरातच्या कारखान्यात नोकरी मिळाली. गाडी सुटायच्या आधी नाना फलाटावर आले. निम्मे झाले होते. यांचा हात हातात घेऊन उभे राहिले, माझ्याकडे बघेनात. शेवटी म्हणाले, "माझ्या ताटात आता काही उरलं नाही. तुमच्यामुळे. मी अजून रागावलेलो आहे."

"राहा रागावलेले, नाना," मी म्हटलं. "खूप वर्षं राहा."

माईंचं दर दिवाळीला पत्र यायचं. शेवटी ठरलेलं एक वाक्य असायचं, ह्यांचा राग अजून आहे. मी ते आधी वाचायचे, मग वरून सगळं पत्र. पंचाण्णव साली पत्र दिवाळीच्या आधीच आलं. आंतरदेशीय पत्र फोडायला मला धीर होईना, म्हणून यांच्या हातात दिलं. यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "तुमच्यावरचा राग शेवटच्या दिवसापर्यंत होता. गोळ्यांमुळे की तेलामुळे ते देव जाणे, पण ह्यांच्या घराण्यात पंचावन्नाव्या वर्षापर्यंत कुणी रागावायला राहिलं नव्हतं."