गोळ्या बंद केल्याचे अकरा दिवस

डॉक्टरांनी माझ्या बोटांचे सांधे एकेक करून दाबले. तिसऱ्या बोटाला मी हात मागं ओढला. मग ते रक्ताचा रिपोर्ट बघत म्हणाले, "हा रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते. समूळ जात नाही, पण आवरता येतो."

मी अडतीस वर्षांचा होतो. बारामती डेपोत कंडक्टर, बहुतेक वेळा इंदापूरच्या गाडीवर. चार महिने सकाळी मुठी मिटत नव्हत्या. तिकिटाला पंच मारला की कळ कोपरापर्यंत जायची. आमचे आजोबा सत्तरीपर्यंत मेंढरांमागं चालले, त्यांचा गुडघा कधी दुखला नाही. मग मलाच का, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं, की नक्की कारण कुणालाच माहीत नाही. मला त्या उत्तराचाही राग आला.

आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट, म्हणजे उलटलेली यंत्रणा दाबणारी गोळी, आणि रोज थोडं स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध, असं सुरू झालं. स्टेरॉइड मनानं एकदम बंद करू नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. दर महिन्याला ईएसआर, अंगात सूज किती आहे ते दाखवणारी रक्ताची तपासणी. नंबर लागेपर्यंत बाकावर दोन-दोन तास.

औषधापेक्षा सल्ल्यांनी जीव नकोसा केला. गाडीतल्या माणसांना माझी सुजलेली बोटं दिसायची. एक म्हणे तांब्याचं कडं घाला, दुसरा म्हणे दही सोडा. रोजच्या गाडीचे एक आजोबा दरवेळी विचारायचे, "अजून गोळ्याच खाताय व्हय?" जणू मी दारूच पीत होतो.

माझे थोरले मेहुणे इंदापूरला राहायचे. त्यांनी गावाबाहेरच्या एका योग आणि निसर्गोपचाराच्या शिबिरात माझं नाव घातलं. रजा काढून मी गेलो. पहिल्याच दिवशी तिथल्या गुरुजींनी गोळ्यांची पिशवी मागितली. हे विष अंगात असेपर्यंत योगाचा उपयोग नाही, असं ते म्हणाले. मला कुणीही जबरदस्ती केली नाही. पिशवी मीच दिली. बरं व्हायची घाई मलाच झाली होती.

पहाटे उठायचं, ध्यान, पोटावर मातीची पट्टी, दुधी भोपळ्याचा रस. पहिले चार दिवस अंग हलकं वाटलं. मी मेहुण्यांना निरोपही धाडला, की गुण येतोय. सहाव्या दिवशी गुडघा सुजला. आठव्या दिवशी शर्टाची बटणं लागेनात. विष बाहेर पडतंय, सहन करा, असं उत्तर मिळालं. दहाव्या दिवशी मला वज्रासनात बसता येईना, तेव्हा चाळीस माणसांसमोर गुरुजी म्हणाले, "श्रद्धा कमी पडतेय तुमची."

दुखणं मी सोसत होतो. हे वाक्य सोसवलं नाही. पण भांडायचंही त्राण नव्हतं.

अकराव्या दिवशी बायको, हिराबाई, भेटायला आली. मला पाण्याचा तांब्या दोन मनगटांत धरून पिताना तिनं बघितलं. ती सरळ गुरुजींकडं गेली. आवाज न चढवता म्हणाली, "ह्यांची श्रद्धा कमी न्हाय पडली. गोळ्या बंद झाल्यात. ती पिशवी द्या, आमी निघतो."

त्याच दुपारी आम्ही बारामतीला आलो. डॉक्टर ओरडतील म्हणून मी वाटभर शब्द जुळवत होतो. ते ओरडले नाहीत. आधी मला दाखल करून घेतलं, औषध पुन्हा सुरू केलं आणि हातांचा एक्स-रे काढला. डाव्या हाताच्या दोन बोटांत हाडाची झीज दिसली.

मी सगळा दोष शिबिराला देऊन मोकळा होणार होतो. डॉक्टरांनी तेही करू दिलं नाही. ते म्हणाले, "ही झीज अकरा दिवसांत होत नाही, ती आधीच सुरू झाली होती. गोळ्या थांबल्यामुळं सूज उसळली. आणि योग करू नका, असं मी कधी म्हटलं? दोन्हींतलं एकच निवडा, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

सांगितलं सगळ्यांनीच होतं, आणि मी ऐकलं होतं.

दोन महिन्यांनी सूज उतरल्यावर डॉक्टरांनीच लिमयेबाईंचं नाव सुचवलं. त्या निवृत्त शिक्षिका, घरी योग शिकवायच्या. त्यांनी पहिला प्रश्न केला, "गोळ्या वेळेवर घेता ना?" मग मला खुर्चीत बसवलं. मनगटं फिरवणं, खांदे उचलणं, सावकाश श्वास. सुजलेला सांधा वाकवायचा नाही, हा त्यांचा नियम. मला हा पोरखेळ वाटला. महिनाभर मी हिराबाईच्या धाकानं गेलो. मग एका सकाळी लक्षात आलं, की दुखणं तेवढंच आहे, पण दुखायच्या आधीच मी जो अंग आवळून बसायचो, तसा बसलेलो नाही. झोपही लागायला लागली होती. वर्षभरानं स्टेरॉइड सुटलं, तेही डॉक्टरांनी हळूहळू कमी करत. आठवड्याची गोळी अजून चालू आहे. डाव्या हाताची ती दोन बोटं वाकडीच राहिली. गाडीवरचं काम सुटलं, डेपोत आता टेबलाचं काम करतो. चिडचिड होते, नाही असं नाही.

परवा दवाखान्याच्या बाकावर शेजारी लोणी भापकरची एक तरुण बाई होती. तीच सुजलेली बोटं. तिच्या सासऱ्यांनी मला विचारलं, "योगानं बरं होतं म्हणत्यात, मग गोळ्या सोडाव्या का?"

मी त्यांना तात्या म्हणालो, आणि माझी दोन बोटं पुढं केली. म्हटलं, "योग मी रोज करतो, हिनंही करावा. पण गोळ्या सोडा म्हणणाऱ्याच्या दारात हिला नेऊ नका."

त्या बाईनं गोळ्यांची पिशवी मांडीवर जवळ ओढून घेतली.