सतरा कळप, पन्नास-पन्नास मेंढ्या

भाऊबीज झाल्यानंतरचा सोमवार, सकाळी पावणेसात, सातारा एसटी स्टँड. हजर: एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राचे तीन विद्यार्थी. एक सांगलीचा, एक औंधची, एक म्हसवडजवळच्या वाडीवरची. चौथी मी, त्यांची मॅडम. पाण्याच्या बाटल्या आठ, क्लिपबोर्ड चार, कोरे फॉर्म साठ. गैरहजर कोणी नाही.

एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्याशिवाय मला प्रवास सुरू झाल्यासारखा वाटत नाही. नवरा म्हणतो, "तू देवळात गेलीस तरी आधी देवाची हजेरी घेशील." म्हणू दे. त्याचा चष्मा सापडतो तो माझ्या यादीमुळे.

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या विभागात तीन आठवड्यांचा छोटा संशोधन प्रकल्प असतो. पुढे पीएच.डी. करावी की नको, अशा विचारात असलेल्या मुलांनी संशोधन म्हणजे काय ते आधी स्वतः करून बघावं, एवढाच हेतू. जमलं तर पुढे जा, नाही जमलं तर तीन आठवड्यांत मोकळे व्हा. योजना माझी, वेळापत्रक माझं. फॉर्मही माझाच, आणि यातलं जे काही बिघडलं ते त्या फॉर्ममुळे बिघडलं.

बसमध्ये म्हसवडची मुलगी माझ्या शेजारी बसली. तिच्या घरी मेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. भाऊ फौजेत. त्याचाच निरोप तिने मला सांगितला.

"दादा म्हणालाय, तीन आठवडे करून बघ. हे तुझं काम आहे असं वाटलं तर पीएच.डी.चा फॉर्म भर, घरी मी सांगतो. नाही वाटलं तर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला परत यायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

"आणि तुला काय वाटतं?"

"ते बघायलाच आलेय, मॅडम."

मी वहीत लिहिलं: 'विद्यार्थिनी क्र. ३, निर्णय प्रलंबित.'

आमचा विषय माळावरचं गवत. जिथे मेंढ्या जास्त चरतात तिथे कुठलं गवत टिकतं आणि कुठलं संपतं, ते बघायचं होतं. त्यासाठी कुठल्या माळावर किती मेंढ्या चरतात हे कळायला हवं. म्हणून माझ्या फॉर्मवर चौतीस रकाने होते आणि त्यातला चौथा 'मेंढ्यांची संख्या'. त्याखाली ठळक अक्षरांत सूचना: 'अंदाजे उत्तर स्वीकारू नये.' सर्वात शेवटी 'शेरा'. तो जेमतेम अर्ध्या इंचाचा झाला, कारण तिथे कागद संपला.

दहिवडी सोडल्यावर तिने फॉर्म वाचायला घेतला.

"मॅडम, हा चौथा रकाना..."

"काय झालं त्याला?"

"आमच्याकडं असं कुणी विचारत नाही."

मी तेव्हा फॉर्मच्या गठ्ठ्यांना रबर लावत होते. "काही अडचण असेल तर शेऱ्यात लिहायची," मी म्हणाले. "तोंडी सूचना मी घेत नाही, नंतर विसरायला होतं."

तिने मान डोलावली आणि फॉर्म क्लिपबोर्डला लावला. शिस्तीची मुलगी आहे, असं मला वाटलं.

तिच्या वाडीजवळच्या शाळेत सुट्टीमुळे दोन खोल्या मिळाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही माळावर गेलो. पहिला मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा होता. सांगलीच्या मुलाने त्याला चौथा प्रश्न विचारला.

"काका, मेंढ्या किती?"

"हायत की."

"हो, पण किती?"

"देवाच्या दयेनं हायत."

मुलगा अडखळला तशी मी पुढे झाले. "अहो काका, नेमका आकडा सांगा. त्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. त्याला माझी दया आली असावी. "आडलाय व्हय तुमचा कागूद? मग लिवा पन्नास."

मी पेनाने लिहिलं. पुढच्या माळावरही पन्नास. त्याच्या पुढच्याही. मागाहून कळलं ते असं, की आमच्या आधी निरोप पोचत होता: एक बाई कागद घेऊन येती, आकडा मिळाल्याबिगर हलत न्हाई, पन्नास म्हणा, जाती. दहा दिवसांत आम्ही सतरा कळप गाठले आणि सतरा वेळा पन्नास लिहिलं.

सांगलीच्या मुलाने लॅपटॉपवर त्याचा आलेख काढला. सतरा उभ्या पट्ट्या, सगळ्या एकाच उंचीच्या. तो म्हणाला, "मॅडम, हे जरा भिंतीसारखं दिसतंय."

शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला आनंद झाला. इतका नीटनेटका आलेख माझ्या उभ्या नोकरीत मला मिळाला नव्हता. मी बसून पानभर लिहिलं, की पाणी आणि चारा कमी असल्यामुळे इथल्या मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या कळपाचा आकार सारखा राखला आहे. 'स्वयंनियमन' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

औंधची मुलगी चाचरत म्हणाली, "मॅडम, काल तो कळप रस्ता ओलांडत होता तेव्हा आपण किती वेळ थांबलो होतो?"

"चांगली दहा मिनिटं."

"पन्नास मेंढ्यांना दहा मिनिटं?"

"हळू चालत होत्या," मी म्हणाले.

म्हसवडची मुलगी कोपऱ्यात गवताचे नमुने वर्तमानपत्रात दाबून ठेवत होती.

माझ्या कामांच्या यादीत बावीस नंबरला होतं: 'निष्कर्ष ग्रामस्थांसमोर मांडणे.' म्हसवडहून आलेखाचा मोठा कागद छापून आणला आणि म्हसवडच्या मुलीच्याच वाडीत, लिंबाखाली, एका गुरुवारी सकाळी टांगला. दहा-बारा मेंढपाळ येऊन बसले. तिचे वडील, आबा, तेही होते. मी दहा मिनिटं बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पहिल्या दिवशीचाच म्हातारा पुढे झाला आणि पट्ट्या निरखू लागला.

"ह्यातली माजी कंची?"

मी दाखवली.

"आन् ही शेजारची ह्याची? सारकीच व्हय? लय ब्येस झालं बाई. आता भावकीत भांडान न्हाई."

दुसरा म्हणाला, "माज्या कालच दोन व्याल्या. माजी पट्टी वाईच वर करा की."

"गप रं. वर केलीस तर पन्नास कशी ऱ्हातील?"

सगळे हसले. मीही हसले, कारण ग्रामस्थांचा प्रतिसाद चांगला होता. तेवढ्यात माझ्या मागून घंटांचा आवाज आला आणि धूळ आली. म्हातारा काठीने दाखवत म्हणाला, "ती बगा, पन्नास आली."

मी वळून पाहिलं. मेंढ्या येत होत्या. मी आलेख काढला, गुंडाळला, त्याला रबर लावलं, तरी ती पन्नास यायची संपली नव्हती.

शेवटी तिचे आबा उठून जवळ आले. "बाई, रागाला येऊ नका. जित्राब मोजायचं नसतंय. मोजलं की नजर लागती, कमी हुतंय. आमी बी मोजत न्हाई."

"मग एखादी हरवली तर कळतं कसं?"

"सांजच्याला आत येताना त्वांडं बगतो. एक नसलं तरी कळतंय." मग माझी अडचण ओळखून त्यांनी सोपं करून सांगितलं. "तुमच्या वर्गात एखादं पोरगं न्हाई आलं तर तुमाला कळतंय न्हवं?"

मी बावीस वर्षं रोज रजिस्टर उघडून, नंबर पुकारून हजेरी घेते.

शाळेत परतल्यावर मी म्हसवडच्या मुलीला विचारलं, "तुला हे माहीत होतं. सांगितलं का नाहीस?"

"लिहिलंय की, मॅडम. तुम्ही शेऱ्यात लिहायला सांगितलं होतं."

मी गठ्ठा सोडला. तिने भरलेले सहा फॉर्म होते. पहिल्यावर, त्या अर्ध्या इंचात, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'संख्या विचारू नये. खोटी मिळते.' दुसऱ्यावर: 'ही खोटी आहे.' तिसऱ्यावर: 'हीसुद्धा.' सहाव्यावर फक्त 'तेच.' शेऱ्याचा रकाना संगणकावर भरायचा नाही असं मीच सांगून ठेवलं होतं, कारण शब्दांचा आलेख होत नाही.

ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी उद्या साताऱ्याला गेले तर चालेल का? क्लास सुरू झालाय."

"अजून आठ दिवस आहेत."

"हो. पण संशोधन म्हणजे असंच असेल, दुसऱ्यानं ठरवलेलं विचारायचं आणि खरं काय ते अर्ध्या इंचात लिहायचं, तर मला नको. जमणार नाही असं नाही. जमलंच की दहा दिवस."

मुलांना समजावायची वेळ माझ्यावर नेहमी येते, आणि माझी वाक्यं ठरलेली आहेत. त्यातलं एकही तिथे लागू पडेना. मी सवयीने वही उघडली, 'पुढील कार्यवाही' असं लिहिलं, खाली एक, दोन, तीन आकडे घातले आणि आकड्यांपुढे काय लिहावं ते कळेना. शेवटी वही तशीच ठेवून विचारलं, "तू कसं केलं असतंस?"

"मी जागा मोजली असती."

मग तिने समजावून सांगितलं. कळप रात्री कुणाच्या तरी शेतात बसवतात, भोवती वाघर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण. सकाळी वाघर काढून कळप गेला की लेंड्यांनी भरलेली तेवढी जागा मागे राहते. कळप मोठा तर जागा मोठी. मेंढीला हात नाही, आकडा नाही, कुणाला प्रश्नही नाही.

"पण आबांना विचारावं लागेल," ती म्हणाली. तिने तिथूनच फोन लावला. स्पीकरवर आबांचा आवाज आला: "जागा मोज की. जागंला काय हुतंय?"

पुढचे आठ दिवस वेळापत्रक तिचं होतं. सांगलीच्या मुलाकडे नकाशा, औंधच्या मुलीकडे गवत. मी काय करू, असं विचारल्यावर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही टेपचं हे टोक धरा." मी धरलं. मधेच मी वाकून जमिनीचा उतार किती असेल ते सांगू लागले की ती म्हणायची, "मॅडम, टोक सुटलं."

काम नीटनेटकं मुळीच झालं नाही. एका शेतात दोन कळप एकमेकांना चिकटून बसले होते. एका ठिकाणी नुसता खडक, खूणच नाही. काही कळप तोवर खाली सांगलीकडे, उसाच्या पट्ट्यात निघूनही गेले. सतरापैकी अकरा जागा मिळाल्या. नवा आलेख पडक्या दातांसारखा दिसत होता, आणि त्यावरून गवताबद्दल एवढंच म्हणता येत होतं, की पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा येऊन बघायला हवं.

"म्हणजे अजून काहीच कळलेलं नाही," मी म्हणाले. मला खरोखर वाईट वाटत होतं.

"हो ना!" ती म्हणाली, आणि लगेच आलेखावर वाकली. "मॅडम, हा खडकाजवळचा कळप पुढच्या वर्षी आधीपासून धरायचा."

परतीच्या बसमध्ये तिने पीएच.डी.च्या फॉर्मची शेवटची तारीख विचारली.

आता तिने फॉर्म भरला आहे. भावाने घरी सांगितलं. आबांनी सांगलीच्या वाटेवरून फोनवर "कर" एवढंच म्हटलं. राहिलंय ते माझं शिफारसपत्र. तेही फॉर्मच आहे. 'विषयाचे ज्ञान', 'चिकाटी', 'सूचनांचे पालन', आणि पुढे बरोबरच्या खुणा करायला चौकोन. पहिल्या दोन्हींना 'उत्तम' केलं. 'सूचनांचे पालन' यालाही 'उत्तम'च करावं लागलं, आणि पन्नासच्या सतरा पट्ट्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मग शेवटी 'शेरा'. पट्टी लावून बघितलं, अर्धा इंच. खाली ठळक अक्षरांत: 'जादा कागद जोडू नये.' असली सूचना लिहिणारी बाई कशी असते ते मला चांगलं माहीत आहे.

सहा कच्चे मसुदे झाले. सगळ्यात छोटा पाऊण पान आहे. शनिवार शेवटचा दिवस. आजच्या यादीतली नऊ कामं झाली, त्यांच्यापुढे खुणाही केल्या. दहावं राहिलंय: 'शेरा लिहिणे.'