तोंडात पाण्याचा घोट

आमच्या आष्टीजवळच्या परतूरच्या ठेसनावर मुंबईची गाडी सुटता सुटता माझ्या पाच वर्षांच्या सुमीनं खिडकीतून काहीतरी सांगितलं. काय, ते कुणालाच कळलं नाही. पोरीच्या टाळूला जन्मतःच भगदाड, त्यामुळं सगळे शब्द नाकातून निसटायचे; ती टाळू शिवून घ्यायलाच निघालो होतो. खाली उभ्या माझ्या मायनं खिडकीचा गज धरून विचारलं, "काय म्हनती रे ती?"

मलाही कळलं नव्हतं. पण जालन्याला मस्तगडातल्या कापडदुकानात गिऱ्हाइकाच्या मनातलं त्याच्या आधी बोलून दाखवणारा माणूस मी. 'न्हाई कळलं' म्हणणं मला जमायचंच नाही. दिलं ठोकून, "म्हनती, आजी, तुला मुंबईहून लुगडं आनते!"

माय हसली, मंग रडली. सुमीनं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. मी तो लाडाचा धरून चाललो.

आष्टीकरांनो, मी गावी आलो की तुम्ही दर खेपेला विचारता, मुंबईत आधी काय पाह्यलं? समुद्र नाही. आरसा पाह्यला. टाळू शिवून झाली. मला वाटलं, आता पोरगी बराबर बोलणार. पण हवेला नाकाचीच सवय. दवाखान्यातल्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सुमीच्या नाकाखाली लहानसा आरसा धरला आणि म्हणाल्या, "प म्हण." आरसा वाफेनं पांढरा झाला. मग त्यांनी टेबलावर कापसाचा बोळा ठेवला. 'प' नीट निघाला की तो उडायला हवा. तो बोळा बघून मला माय आठवली. तान्हेपणी सुमीला ओढता यायचं नाही, दूध नाकातून यायचं, म्हणून मायनं तिला मांडीवर उभी धरून असल्याच बोळ्यानं थेंब थेंब पाजून जगवली होती.

बाई विचारायच्या, "नाव काय तुझं?" मी म्हणायचो, "सुमन!" "आज काय खाल्लंस?" मी, "वरनभात!" माझी बायको शांता मला कोपरानं ढोसायची. शेवटी बाईंनी मला पाण्याचा पेला दिला. "तोंडात घोट धरून बसा. गिळायचा नाही. ती कुणाशीही बोलत असली, की हेच औषध."

औषध लेकीचं, पथ्य बापाला! सुरुवातीला मी इतकं पाणी गिळलं की घरी जेवण जाईना. एकदा ठसका लागला आणि अख्खा घोट बाईंच्या आरशावर. सुमी पोट धरून हसली. बाईंनी आरसा पुसला आणि पेला पुन्हा भरला.

इकडं पोटासाठी धरलेल्या दादरच्या कापडदुकानात माझीही शिकवणी चालू होती. "दाखवून राह्यलो ना ताई," म्हणालो की गिऱ्हाइकं एकमेकींकडं बघून हसायची. लेक नवं बोलणं कमवत होती, बाप जुनं लपवत होता. जीव म्हणून कुठं ठरेना. मुंबईत सरकीच्या वासाची आठवण यायची, आणि गावाकडं जायचं ठरलं की खोलीच्या कुलपाची काळजी.

वर्षानं आष्टीला आलो. ठोकलेलं निभवायला लुगडंही आणलं होतं. सुमीनं अंगणात "पाणी, पान, पपई" म्हणून दाखवलं. माय तिच्या तोंडापुढं तळहात धरून बसली. "हवा लागती गं बाई!" सगळ्यांनी मला बोलतं करायचा प्रयत्न केला, मी गाल फुगवून गप्प. चुलता म्हणाला, "मुंबईनं येक तोंड उघडलं अन् येक शिवलं!"

परतूरला पुन्हा तेच ठेसन, तीच खिडकी. सुमीनं गज धरले. मी सवयीनं घोट घेतला.

"मला आजीपाशी राह्यचंय," ती म्हणाली. स्वच्छ. ठेसनभर ऐकू गेलं. "मागं बी हेच म्हन्ले होते. बाबानं लुगडं सांगितलं."

माय माझ्याकडं बघत राहिली. "आता सांग की रे. काय म्हनती ती?"

माझं तोंड भरलेलं. अजून वर्षभर पोरीला दवाखान्यात आणावं लागेल, असं बाईंनी बजावलं होतं. 'ट' आणि 'क' अजून नाकातच अडकलेले. मायनंच सुमीची बोटं गजावरून सोडवली. "ने हिला. समदं बोलाय लागली की आन." नवं लुगडं ती नेसलीच होती, त्याच्या पदरानं तिनं नातीचं नाक पुसलं.

मी घोट गिळला. पाणी इतकं जड असतं, हे ठाऊक नव्हतं.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुमी शाळेत शिकवते, बोलण्यात मला आटोपत नाही. घर कुठं तुमचं, असं कुणी विचारलं की माझ्या जिभेवर आष्टी, जालना, मुंबई अशी सगळी ठेसनं जल्दी जल्दी गोळा होतात. ती मी दाताआड धरतो आणि सुमीकडं बघतो.

"आजीपाशी," ती म्हणते.

समोरच्याला काही कळत नाही. तो माझ्याकडं बघतो. मी सांगत नाही.