माझी मोटर आणि त्याचा गेम

दिराने अकोल्याहून कॉम्प्युटर आणला त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. म्हणून सगळा कापूस पुढच्या खोलीत भरून ठेवला होता, पार छताला टेकेपर्यंत. उरलेल्या कोपऱ्यात माझी शिलाई मशीन होती. तिला लागूनच त्याने आपले टेबल मांडले. कॉम्प्युटरच्या एका बाजूला काच होती आणि आत निळे-लाल दिवे. शिकायला आणला असे त्याने घरात सांगितले. खेळायचा तो बंदुकीचे गेम.

महिनाभर बरे चालले. मग गेम अटकू लागला. पहिली दहा-पंधरा मिनिटे नीट, नंतर चित्र झटके खात सरकायचे. तेवढ्यात कोणीतरी त्याला मारायचे आणि तो टेबलावर मूठ आपटायचा.

"वयनी, तुमची मोटर बंद करा! व्होल्टेज खाऊन राहिली ते."

मोटर माझ्या मशीनला लावलेली. पायाने मशीन मारणे माझ्या गुडघ्यांना सोसत नव्हते, म्हणून मी ती शिलाईच्या कमाईतून घेतली होती. लग्नसराई तोंडावर होती, ब्लाउजचा ढीग पडला होता. मी ह्यांच्याकडे पाहिले.

"ठेव ना बंद. पायानं मारता येत नाही काय?" हे म्हणाले.

दिराने मोटरचा पट्टा काढला आणि खिशात घातला.

तरी गेम अटकतच राहिला. मग मिक्सर बंद, मग टीव्ही बंद. अमरावतीच्या मित्राला फोन लावून त्याने कॉम्प्युटरच्या आतला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम बदलला, चित्राचा दर्जा कमी केला, सगळे पुसून पुन्हा भरले. दर दोन दिवसांनी गुन्हेगार नवा, पण माझा पट्टा त्याच्याच खिशात. संध्याकाळी माझे गुडघे सुजायचे. तो बाजूला बसून शिव्या द्यायचा, गेमला की मला, कळत नसे.

मी मशीन मारता मारता ऐकत असे. झटके सुरू व्हायच्या आधी कॉम्प्युटरच्या आतला पंखा घोगरा व्हायचा, डबा तापायचा. माझी मशीनही सुईखालच्या पट्टीत रुई साचली की जड चालते. मी दर आठवड्याला ती ब्रशने काढते. त्या खोलीत तर रुई हवेतच तरंगायची. मी कधी बोलत नाही, त्या दिवशी बोलले.

"भाऊजी, आत रुई बसली असन."

"झालं! चौथी पास इंजिनिअर निंगाली आपल्या घरात!"

सासूबाई हसल्या. हेही हसले. ह्यांचे हसणे मला अजून बोचते.

पुढच्या मंगळवारी दोघे भाऊ कॉम्प्युटरचे चित्राचे नवे कार्ड पाहायला अकोल्याला गेले. मी प्लग काढला आणि काचेचे दोन स्क्रू फिरवले. मोडले असते तर मला घरात ठेवले नसते. पंख्याखालच्या पत्र्याच्या पातळ पट्ट्यांत रुई गादीसारखी घट्ट बसली होती. चिमट्याने ओढली, ब्रशने झाडली. मूठभर निघाली. ती चुलीत टाकली आणि काच लावली.

मग त्याची पँट धुवायला घेतली आणि खिशातला पट्टा काढून घेतला.

कार्ड महाग निघाले म्हणून दोघे रिकाम्या हातांनी परतले. दुसऱ्या दिवशी तो कानाला हेडफोन लावून खेळत होता. मी मोटर सुरू केली. एक ब्लाउज पुरा झाला, दुसरा सुरू झाला. हे दारात थांबले. माझ्या मोटरकडे पाहिले, त्याच्या गेमकडे पाहिले. चित्र कुठेच अटकत नव्हते. ह्यांनी त्याच्या कानावरचा हेडफोन ओढला.

"मोटर तं चालू हाय. मंग?"

तो गडबडला. "म्या ड्रायव्हर बदलला ना परवा. त्याचा फरक हाय."

"मंग तिच्या मोटरले आता हात लावू नोको."

मी मान वर केली नाही.

महिन्याभरात पंखा पुन्हा घोगरा झाला, गेम पुन्हा झटके खाऊ लागला. दिराने मोटरकडे पाहिले, मग ह्यांच्याकडे, आणि दात आवळून ड्रायव्हर बदलत बसला. ब्रश माझ्या बटणांच्या डब्यात होता. मला कोणी विचारले नाही. मी नवा ब्लाउज सुईखाली सरकवला.